बंकरातली कमांडर मावशी

भर मे महिन्यात, तेही अमरावतीत, स्वेटर घालून उभी असलेली बाई मी एकच पाहिली. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असे आणि टेकडीच्या पोटातल्या बंकरच्या दारात कमांडर मावशी हिरव्या स्वेटरात उभी! त्या बंकर-संग्रहालयाची ती राखणदार. गाईडही तीच. शेजारच्या आमच्या वस्तीच्या लेखी मात्र सगळं सैन्यच तिच्या हाताखाली होतं.

महायुद्धात हुकूम सोडण्यासाठी इंग्रजांनी ते भुयार खोदलं. लढाई संपल्यावर तिथे सरकारी धान्य राहिलं, धान्यानंतर वटवाघळं राहिली आणि शेवटी संग्रहालय आलं. नकाशाचं भलंमोठं टेबल, बिनतारी यंत्रं, काचेची कपाटं. ते बघायला कुत्रंही येत नसे. लोक येत ते गारव्याला. तिथल्या फरशीवर अंग टाकलं की माणूस जागच्या जागी विरघळे.

मावशीची अट एकच. "आधी आयका, मंग झोपा." ऐकलं की नाही, याची परीक्षाही होई. हवेची नळी कुठून येते ते मी एकदा चुकलो. "जाय, उन्हात एक चक्कर मारून ये. आठवते मंग बरोबर!"

आणि ती सांगायची काय! साहेबही तीच, हवालदारही तीच. "सायेब रोज इचारे, 'दुश्मन आला का?' हवालदार म्हने, 'नाई आला, सायेब.' लढाई सरली, तरी आलाच नाई. आपलं ऊन पाहून कोन येते बापा? आता हासा." हसल्याशिवाय पुढचं मिळत नसे.

एका उन्हाळ्यात बातमी आली: प्रेक्षक नाहीत, म्हणून संग्रहालयाला कुलूप लागणार. नागपूरचे साहेब पाहणीला येताहेत. मी म्हटलं, "मावशी, चार चांगल्या कपड्यांतली माणसं आणू का?"

"काहून? माह्ये माणसं उघडे हायेत का?"

साहेब आले ते ऐन दुपारी. उन्हातून अंधारात शिरले आणि पहिलंच पाऊल पडलं रशीदभाई टरबूजवाल्याच्या पायावर.

"कोन हाये बे!"

डोळे सरावले तेव्हा साहेबांना टेबलाभोवती अख्खी वस्ती घोरताना दिसली.

"हे काय आहे?"

"प्रेक्षक, सायेब," मावशी म्हणाली. "इचारा कोनालेही."

साहेबांनी चिडून रशीदभाईंनाच विचारलं. त्यांनी डोळेही न उघडता खोदकामापासून वटवाघळांपर्यंत सगळं म्हणून दाखवलं आणि शेवटी बजावलं, "आता हासा."

साहेब हसले. मग म्हणाले, "जरा टेकतो." मावशी आडवी आली. "हवेची नळी कुठून येते, ते सांगा पह्यले." साहेब चुकले. पण सरकारी माणूस, म्हणून चक्कर माफ झाली. तासाभरानं ते ताजेतवाने होऊन निघाले.

कुलूप टळलं. पण आठवड्यानं साहेबांच्याच सहीनं एक पाटी आली: 'येथे झोपण्यास सक्त मनाई आहे.' आमचे चेहरे पडले. मावशीनं पाटी पुसली, निरखली आणि काचेच्या कपाटात, दुर्बीण आणि शिरस्त्राणाच्या मधोमध मांडून ठेवली. "सरकारी वस्तू हाये. जपावं लागते." आणि आम्ही त्या पाटीखाली आडवे झालो.

मावशी निवृत्त होऊन अकोल्याला, जुन्या शहरात लेकीकडे गेली. परवा मी बंकरात पडलो होतो. नवा गाईड त्या कपाटापुढे उभा राहून गंभीरपणे सांगत होता, "हा फलक युद्धकाळातला. सैनिकांनी पहाऱ्यावर झोपू नये, म्हणून इंग्रज साहेबांनी लावलेला." इंग्रजानं तो मराठीत का लिहिला, हे कोणी विचारलं नाही.

मी बाहेर येऊन मावशीला फोन केला. "मावशी, तो चुकीचं सांगून राहिला. सांगू का त्याले?"

"लोकं झोपून राहिले का?"

"हो. ऐकून मग झोपतात."

"मंग राहू दे ना बापा," मावशी म्हणाली. "दुरुस्त करशीन, तर पाटी बाहेर लावतीन ते."