करंट का कचरा

नवेगाव बांधच्या बकाराम मिस्त्रीच्या मते जगात बिघाड दोनच. एकतर इंजिनाला करंट मिळत नाही, नाहीतर पेट्रोलमध्ये कचरा आलेला असतो. तिसरा बिघाड त्याने अडतीस वर्षांत पाहिला नव्हता आणि पाहायची तयारीही नव्हती. हळूहळू हा हिशेब त्याने माणसांनाही लावला. व्याही आळशी निघाला तेव्हा तो "करंट नाई" म्हणाला, जावई दारूला लागला तेव्हा "कचरा". बायको सुशिलाबाई कुठल्याच खान्यात बसत नव्हती, म्हणून तिच्याविषयी तो बोलतच नसे.

त्याचा जीव होता केशोरावांच्या काळ्या मोटारीत. एकोणीसशे अठ्ठावन्न सालची ही मोटार केशोरावांच्या वडिलांनी घेतलेली. गाव तिला नुसतं 'काळी' म्हणे. केशोराव धानाचे मोठे शेतकरी. त्यांच्या अंगणात आता नवी गाडी होती आणि काळी दसऱ्याला नि लग्नाकार्यालाच बाहेर निघे. पण तिच्या बोनेटला बकारामशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम होता. नियम बकारामनेच केला होता.

या उन्हाळ्यात काळी बिघडली. चालू व्हायची झकास, दहा मिनिटं पळायची आणि तलावाच्या पाळीवर येऊन आचके देत बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. रोज फिरवून पाहिली, रोज तीच जागा. पाळीवर मासोळ्या विकणाऱ्या बायांना वाटलं, केशोरावांनी तिथे थांबा मंजूर करून आणला.

बकारामने प्लगची वायर हातात धरली आणि केशोरावांना सेल्फ मारायला सांगितलं. झटका बसला. त्याने हात दोनदा झाडला आणि शांतपणे म्हणाला, "करंट हाय." मग कचरा. टाकी रिकामी केली, पेट्रोल फडक्यातून गाळलं, कार्बोरेटरचे जेट तोंडाने फुंकले. भाकरीलाही पेट्रोलची चव यायला लागली, पण कचरा काही निघाला नाही. पुन्हा करंटकडे वळला. पॉइंट बदलले, कॉइल बदलली. काळी पाळीवर बंद पडली. यात तीन आठवडे गेले.

"बकाराम," केशोराव म्हणाले, "रविवारी नागपूरचा माणूस येऊन राहिला. जुन्या गाड्या जमा करते तो. त्याच्या आधी काळी अर्जुनीले जाऊन वापस आली त ठेवतो. नाई त देऊन टाकतो. मी आखीन किती दिस धक्का मारू गा?"

बकाराम "बरं" म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही. कागदावर मालक केशोराव होते, पण काळीचा एकेक नट त्याला पाठ होता. ती गेली की आपण नुसते मोटारसायकलींचे मिस्त्री उरणार, याची त्याला भीती वाटत होती. भीती वाटते असं सांगायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं.

शनिवारी दुपारी सुशिलाबाई तेलाचा नवा पिपा फोडत होती. बकाराम उंबऱ्यावर जुने पॉइंट घासत बसला होता.

"काय झालं जी?" तिने विचारलं.

"तुले नाई समजणार. करंट हाय, कचरा नाई. मंग पेट्रोल काऊन नाई येऊन राहिलं?"

सुशिलाबाईने पिप्याच्या कोपऱ्यावर खिळा ठोकला आणि पिपा कलता केला. तेल एकदा गुटुक झालं आणि थांबलं. तिने समोरच्या कोपऱ्यावर दुसरा खिळा ठोकला. धार लागली.

"टाकीले दुसरं भोक हाय का?" तिने वर न बघताच विचारलं.

बकारामने हातातले पॉइंट खाली ठेवले.

"झाकनाले असते एक. बारीक."

"असते का हाय?"

तो उठून केशोरावांच्या शेडमध्ये गेला. काळीच्या टाकीचं झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत घेणारं ते छिद्र लाल लाखेने बुजलेलं होतं. विळ्याची मूठ बसवायला घरोघरी असते, तीच लाख. वर अंगठ्याचा ठसा. बकारामने त्यावर आपला अंगठा ठेवला. चपखल बसला.

तेव्हा त्याला आठवलं. उन्हाळ्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला तेव्हा शेडचा पत्रा गळत होता. छिद्रातून टाकीत पाणी जाईल, कचरा जाईल, म्हणून त्याने स्वतःच लाख तापवून लावली होती. कचऱ्याचा जन्मभराचा वैरी तो, त्याने कचऱ्याबरोबर हवाही बंद करून टाकली होती. उंदरांवर ढकलावं असं क्षणभर मनात आलं, पण उंदराला अंगठा नसतो. त्याने दाभणाने लाख कोरून काढली.

रविवारी सकाळी केशोरावांनी विचारलं, "करंट का कचरा?"

"हवा. झाकनाचं भोक बुजलं होतं."

"कोन बुजवलं?"

"मीच."

केशोरावांनी झाकण हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "आन् सापडलं कोनाले?"

हा प्रश्न जास्त जड गेला. "सुशिलाले."

"मंग तिले घेऊन जा अर्जुनीले. रस्त्यात बंद पडली त मिस्त्री सोबत पायजे."

अडतीस वर्षं काळीचं तेल सुशिलाबाई त्याच्या कपड्यांतून धूत आली होती. काळीत ती कधी बसली नव्हती. बकारामने पुढचं दार उघडलं. ती नवं लुगडं सावरत बसली आणि मांडीवर हात ठेवून समोर बघू लागली.

पाळीवर बाया सवयीने धक्का मारायला उठल्या. काळी त्यांच्या समोरून निघून गेली. त्या तशाच उभ्या राहिल्या. येतानाही काळी थांबली नाही.

फाटकात केशोराव फोन कानाला लावून उभे होते. "नाई जी, येऊ नोका," ते नागपूरच्या माणसाला सांगत होते. "गाडी घरचीच हाय, घरीच राहीन."

बकारामने इंजिन बंद केलं. सुशिलाबाई उतरली नाही.

"अजी," ती म्हणाली, "इतकी वर्सं मले काऊन नाई बसवलं?"

बकारामने करंट आठवून पाहिला, कचरा आठवून पाहिला. मग टाकीच्या झाकणाच्या दिशेने मागे बघत म्हणाला, "माहंच बुजलं होतं."