हत्ती, गाढव आणि माझे मामेसासरे

अमेरिकेच्या राजकारणाने जगात कोणाचं काय नुकसान केलं असेल ते असो, पण सर्वांत मोठं नुकसान माझ्या रविवारच्या जेवणाचं केलं आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आणि ज्यांच्या हातून ते झालं ते गृहस्थ अमेरिकेत राहत नाहीत, तिथे त्यांना मत नाही, तिथे त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. ते कार्डिफला राहतात, हाडांचे निवृत्त सर्जन आहेत आणि माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे लागतात. आम्ही इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकहून सकाळी निघतो, मोटरवेवरचा ट्रॅफिक सोसतो, पूल ओलांडून वेल्समध्ये शिरतो, ते केवळ मामींच्या हातच्या आमटीच्या आशेने. ती आमटी मी आजवर कधी गरम खाल्लेली नाही. पहिला घास तोंडाशी न्यावा, तोच मामा वाटी बाजूला सारून विचारतात, "काल त्या गाढवांनी काय केलं ते वाचलंस का?" की मामी डोळे मिटून घेतात आणि पोळ्यांवर झाकण ठेवतात.

गाढव ही शिवी नव्हे. अमेरिकेत दोन मोठे पक्ष आहेत, एकाचं चिन्ह हत्ती आणि दुसऱ्याचं गाढव, एवढं ज्ञान मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामांच्या टेबलावर झालं. मामा हत्तीवाले. का, तर त्यांच्या मते त्यांनी जगाच्या अर्थकारणाचा सखोल विचार करून हा पक्ष निवडला आहे. मामींचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, "कसला विचार नि काय! त्या भूलवाल्याने आधीच गाढव घेतलं होतं, मग ह्यांना हत्तीशिवाय उरलं काय?"

हे भूलवाले म्हणजे मामांचे जिवलग मित्र. मामा ऑपरेशन करायचे आणि हे पेशंटला भूल द्यायचे. दोघेही उमेदीच्या वयात पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात आलेले, नोकरीची सगळी वर्षं एकाच ऑपरेशन थिएटरात काढलेले. आमच्या घरात त्यांना सगळे भूलवाले काकाच म्हणतात. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटच्या मानेपाशी एक हिरवं कापड आडवं ताणलेलं असतं. त्या कापडाच्या अलीकडे मामा गुडघा बसवत असत, पलीकडे काका ऑक्सिजन बघत असत, आणि मधल्या कापडावरून हत्ती आणि गाढव यांची झुंज चालत असे. वेल्श नर्सेसना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे हे दोघे पेशंटच्या प्रकृतीविषयी फार कळकळीने बोलतात असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. काका पुढे विधुर झाले, त्यांची मुलं लांब गेली, आणि मग ते दर रविवारी मामांकडे जेवायला येऊ लागले. मामा दार उघडून "ये, ये, देशबुडव्या" म्हणत. काका कोट काढता काढता म्हणत, "गाढव ओझं तरी वाहतं. तुझा हत्ती काय करतो? मिरवणुकीत मिरवतो."

आता दोन म्हाताऱ्यांनी भांडावं, माझं काही म्हणणं नाही. माझं रक्त तापतं ते त्यांच्या दोन तराजूंमुळे. गाढवांच्या अध्यक्षाने कर्ज काढलं की मामा ताटावरून उठून उभे राहत: "दिवाळखोर! नातवंडांच्या डोक्यावर बोजा टाकतोय!" हत्तींच्या अध्यक्षाने त्याहून मोठं कर्ज काढलं की तेच मामा पापड मोडत शांतपणे म्हणत, "ते वेगळं. ती गुंतवणूक आहे." दुसऱ्यांचा अध्यक्ष गोल्फ खेळला तर कामचुकार; आपला खेळला तर त्याला डोकं शांत ठेवावं लागतं. दुसऱ्यांचा जिन्यावर अडखळला तर म्हातारा झाला, घरी बसवा. आपला अडखळला तर जिनाच वाईट. काकाही काही कमी नव्हते. त्यांच्या गाढवाने केलेली लपवाछपवी ही मुत्सद्देगिरी आणि हत्तीने केली की लोकशाहीचा खून. पकडलं की दोघांचंही उत्तर एकच, दोन शब्दांचं: "ते वेगळं!" काय वेगळं, कसं वेगळं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. मला ते दोन शब्द ऐकले की ताट भिंतीवर फेकावंसं वाटे.

आमच्याच व्हिसाची गोष्ट घ्या. आम्ही नवे असताना आमचे कागद कुठेतरी अडकले आणि आम्हाला क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात बोलावणं आलं. मामा त्या काळात अमेरिकेच्या सरहद्दीवर भिंत बांधायच्या बाजूने इतक्या तावातावाने बोलत की वाटे, हे स्वतःच विटा घेऊन निघतील. तेच मामा आमच्यासाठी सूट-टाय घालून कार्डिफहून ट्रेनने आले, क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये आमच्या दोघांच्या मध्ये बसले आणि अख्खा प्रवास ओरडत राहिले, "माणसं आहेत की दगड? शिकलेली मुलं, पोटापाण्यासाठी आली, त्यांना असं ताटकळत ठेवायचं? कम्प्लीट डिसग्रेस!" मी न राहवून विचारलं, "मामा, मग तुमच्या त्या भिंतीपलीकडची माणसं?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी पूजेत चप्पल घालून आले. "ते वेगळं," ते म्हणाले. आमचं काम झालं. काउंटरवरच्या बाईला त्यांनी आमच्या सात पिढ्यांचं सर्टिफिकेट दिलं. पण ट्रॅममधला तो राग मी अजून विसरलेले नाही.

आणि ज्या देशात हे गृहस्थ राहतात, कर भरतात, जिथे त्यांना मत आहे, तिथल्या निवडणुकीत ते मत देत नाहीत! "मी राजकारणात पडत नाही," असं हा माणूस तोंड वर करून सांगतो. वेल्सच्या निवडणुकीची पत्रकं त्यांच्याकडे गरम पातेल्याखाली ठेवायला वापरतात. एकदा गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक तरुण पोरगा दारात आला, रस्त्यातले खड्डे आणि कचऱ्याचे डबे यांबद्दल बोलायला. मामांनी त्याला आत बसवलं, चहा दिला आणि पेनसिल्व्हेनियात मतं कुठे फुटली यावरून इतकं झापलं की तो बिचारा शेवटी सॉरी म्हणाला. त्याने पेनसिल्व्हेनिया बघितलंही नव्हतं. मामांच्या घरासमोरचा खड्डा अजून तसाच आहे, आणि त्याबद्दलही मामा अमेरिकेलाच दोष देतात.

घरात साथ पसरावी तसं हे सगळं पसरलं. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी लंगडत चालतं, पण खोली का आवरली नाहीस म्हटल्यावर तीही म्हणायला लागली, "आई, ते वेगळं! तुझी खोली पण messy आहे." त्या दिवशी मी माझ्या घरात त्या दोन शब्दांवर बंदी घातली. दंड म्हणून भांडी घासायची. सगळ्यांत जास्त भांडी नवऱ्याने घासली, भाचा कोणाचा शेवटी!

मग एका रविवारी दोघांची नेहमीपेक्षा जास्त जुंपली. कशावरून, ते मला आठवत नाही. काकांनी आवाज चढवला, मामांचा आधीच चढलेला होता, आणि काका कोट घालत असताना मामा दारात ओरडले, "पुरे झालं तुझं! आता एक शब्द बोलू नकोस माझ्याशी!" काका हसत हसत गेले. असं ओरडणं काही नवं नव्हतं. पण त्याच आठवड्यात काकांना स्ट्रोक आला. जीव वाचला, उजवा हात-पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. पण तोंडातून शब्द निघेना. मामा रोज हॉस्पिटलात जाऊन बसत. मामी म्हणाल्या, तिथे ते अमेरिकेचं नावही काढत नाहीत, नुसता काकांचा हात धरून बसतात.

काका घरी आल्यावर पुन्हा रविवारी येऊ लागले, व्हीलचेअरवरून. मामांनी त्यांची नेहमीची जागा तशीच ठेवली होती. त्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे खाली माना घालून जेवत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आमटी गरम होती आणि कोणाला ती गिळवत नव्हती. एवढ्यात मामांनी वाटी बाजूला सारली. म्हणाले, "काल त्या हत्तींनी काय केलं ते वाचलंत का? लाज वाटली पाहिजे!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मामा सुटले होते. गाढवाची बाजू घेऊन त्यांनी हत्तीवर असे वार केले की काकांनाही कधी जमले नसते. माझा पारा चढला. इतकी वर्षं आमचं अन्न कडू केलं, आणि आता हा माणूस शर्ट बदलावा तसा पक्ष बदलतो? जेवण झाल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "मामा, हा तर कळस झाला ढोंगीपणाचा. तुमचं स्वतःचं असं एक तरी मत आहे का?"

मामा सिंकपाशी पाठमोरे उभे होते. "हळू बोल, त्याला ऐकू जाईल," ते म्हणाले. मग मागे न वळताच म्हणाले, "अगं, त्याची बाजू मांडायला आता कोण आहे? मी आपला बोलत सुटायचं आणि त्याने तिथे बसून ऐकत राहायचं? तोंड बांधलेल्या माणसाला मारण्यासारखं आहे ते. मीच त्याला म्हटलं होतं, एक शब्द बोलू नकोस. माझ्या बोलण्याने स्ट्रोक येत नाही, तेवढं मेडिसिन शिकलोय मी. पण म्हटलं होतं ना." नळ उगीचच चालू होता, तो त्यांनी बंद केला. "आणि त्याचे मुद्दे काही वाईट नव्हते. मी कधी पूर्ण ऐकलेच नव्हते."

मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. मग मी हत्तीची बाजू घ्यायचं ठरवलं, कोणीतरी घ्यायला हवीच होती. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात लंचला बसून मी अमेरिकेच्या बातम्या वाचू लागले, यापेक्षा मोठा त्याग कोणत्याही सुनेने केला नसेल. आणि त्याबद्दल मिळालं काय, तर बोलणी! "असं काय पुळचट भांडतेस? मी असा भांडायचो? टेबलावर हात आपट!" मी आपटला, आमटी सांडली. काका खुर्चीतून पाहत होते, आणि त्यांचा डावा हात खुर्चीच्या कडेवर ताल धरावा तसा हलत होता.

असेच काही रविवार गेले. एकदा मी चांगली तयारी करून गेले होते. म्हटलं, "आमच्या अध्यक्षाच्या गोल्फबद्दल बोलता, पण देशात पूर आलेला असताना तुमचा अध्यक्ष समुद्रावर सुट्टी घेत होता, त्याचं काय?"  हा मुद्दा मामांनी स्वतः काकांच्या तोंडावर कितीदा फेकला होता. गाढवाची बाजू त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे घेतली होती की त्यांना खोटं बोलवेना. मान हलवून म्हणाले, "हो. ते चुकलंच आमचं."

आणि खुर्चीतून आवाज आला. घोगरा, ओढून काढलेला.

"ते... वेगळं!"

मामींच्या हातातला डाव पातेल्यात पडला. काका रागाने लाल झाले होते. आपल्या नावावर कोणी कबुली द्यावी, हे त्यांना सहन झालं नव्हतं. मामा उठले, त्यांच्या खुर्चीसमोर गेले आणि म्हाताऱ्या घशाने ओरडले, "काय वेगळं? अरे लबाडा, काय वेगळं, सांग ना!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने शिव्या चालू होत्या. त्या क्षणी ते परत हत्तीवाले झाले, वाक्याच्या मधोमध, कसलाही खुलासा न देता. "ते वेगळं," काका पुन्हा म्हणाले, आणि अर्ध्याच चेहऱ्याने हसले.

त्यानंतर बरेच महिने लोटले. काकांच्या स्पीच थेरपिस्टने मामांना विचारलं, या शब्दांचा अर्थ काय? मामा म्हणाले, "इट मीन्स ही हॅज नो आर्ग्युमेंट, माय डिअर. नेव्हर हॅड." थेरपिस्ट बाईंनी खूप प्रयत्न केले, पण बाकीचे शब्द काही आले नाहीत. चहा हवा का, तरी तेच. थंडी वाजते का, तरी तेच. पण मामांशी भांडायला तेवढे पुरतात. मामा तासभर बोलतात, काका दोन शब्दांत उत्तर देतात, आणि जिंकतात. दोन तराजूंचा मला अजूनही संताप येतो, अमेरिकेतल्या दोन्ही जनावरांचाही येतो. घरातली बंदी मात्र मी उठवली आहे.

परवाच्या रविवारी काकांना पोचवून आल्यावर मामा दारातच उभे राहिले, खड्ड्याकडे बघत. म्हणाले, "त्याच्यापाशी एवढे दोनच शब्द राहिले बघ. माझ्यावर वेळ आली तर माझ्यापाशी कोणते राहतील गं?"

मी म्हटलं, "हेच राहतील, मामा. दुसरे कोणते?"

"छे, छे. दोघंही तेच म्हणत बसलो तर भांडण कसं होणार?"

"मी आहे ना. मी भांडेन तुमच्या बाजूने."

मामांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, जुन्या पेशंटचा एक्स-रे बघावा तसं. "तुला येत नाही भांडता," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण ये तू. दर रविवारी येत जा."