ऑर्व्हल टकेट आणि बिननावाचं गिऱ्हाईक

ऑर्व्हल टकेटकडून कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हणजे मुलीला मागणी घालायला जाण्यासारखं असतं. घर स्वतःचं की भाड्याचं, अंगणाला कुंपण आहे का, आधीचं कुत्रं कशानं गेलं, रात्री पावसात आत घेता की बाहेरच ठेवता, हे सगळं विचारून झालं की तो म्हणतो, "एकदा तुमच्या बायकोला घेऊन या." पिल्लू गेल्यावर दोनेक महिन्यांनी, काही न कळवता, तो त्या घरी पाहणीला जाऊन येतो. मागे एका दाताच्या डॉक्टरकडून त्यानं दिलेलं पिल्लू परत आणलं होतं. डॉक्टर पिल्लाशी 'प्रेमानं बोलत नव्हते' म्हणून.

बंदूक विकताना मात्र तो गिऱ्हाइकाचं नावही विचारत नाही.

आमच्या पायनी फोर्कमध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या या डोंगरात दुकानातून बंदूक घेतली तर फॉर्म भरावा लागतो. दोन माणसांनी आपसात घेतली-दिली तर कागदाचा कपटासुद्धा लागत नाही. पशुखाद्याच्या दुकानासमोर गाडी लावायची, मागची फळी पाडायची, घोंगडी उलगडायची, नोटा खिशात घालायच्या. पण बाकीचे लोक निदान "कुठले तुम्ही?" एवढं तरी विचारतात. ऑर्व्हलनं त्याचं शास्त्रच करून टाकलं होतं. गिऱ्हाईक हात पुढे करून "मी..." म्हणू लागलं की ऑर्व्हल रहदारीच्या पोलिसासारखा पंजा वर करायचा. "नाव नको! मला माहीत नसेल तर 'त्यांना' कळणार कसं?"

'ते' म्हणजे सरकार. 'त्यांना' कळू नये म्हणून ऑर्व्हल घरात काय काय आहे याची यादी करत नाही. आता हे खरं, की त्याच्या गाडीच्या पाठीमागे अकरा स्टिकर आहेत आणि ती वाचली की त्याच्या कपाटात कोणकोणत्या कंपनीची हत्यारं आहेत हे तांबड्या सिग्नलला मागे थांबलेल्या परक्या माणसालाही पाठ होतं. हेही खरं, की किराणा दुकानाच्या सवलत-कार्डावर त्याच्या बद्धकोष्ठाच्या औषधापर्यंत सगळी नोंद आहे. पण ती त्यानं स्वखुशीनं दिलेली माहिती. आणि घेणारा माणूस कोण, त्याला कशाला हवी, काल तो कुठे होता, यातलं काहीही ठाऊक नसणं याला ऑर्व्हल स्वातंत्र्य म्हणतो. कुत्र्याच्या बाबतीत यालाच तो बेजबाबदारपणा म्हणतो.

त्याची बायको ट्वायला नीटनेटकी बाई. तिनं एकदा कपाटातल्या प्रत्येक बंदुकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती: ही ऑर्व्हलची, ही बाबांची, ही जावयाची. ऑर्व्हलनं त्याच संध्याकाळी कात्रीनं सगळ्या चिठ्ठ्या कापल्या. "उद्या 'ते' आले तर आयतं प्रदर्शन मांडून ठेवलंयस की!" 'ते' काही आले नाहीत. नोव्हेंबर मात्र आला.

नोव्हेंबरात मोठ्यांच्या आधी पोरांच्या शिकारीचे दोन दिवस असतात. यंदा नात मेसी पहिल्यांदाच हरणावर जाणार होती. ती आईबापांबरोबर शहरात राहते. पण ट्वायलाच्या वडिलांनी मरताना सांगून ठेवलं होतं, की पणतवंडांपैकी जे पहिलं रानात जाईल त्यानं माझी रायफल न्यायची. जेवताना ट्वायला सहज म्हणाली, "मेसीला त्या दातांच्या खुणा दाखव हं. बाबांच्या रिंग कुत्र्यानं पिल्लू असताना दस्ता कसा चावला होता, ती गोष्ट तूच सांग, तुला छान येते."

ऑर्व्हलचा काटा बटाट्यातच राहिला.

कपाटात एकाच कंपनीच्या, सारख्या दिसणाऱ्या दोन रायफली होत्या. त्यातली दस्ता चावलेली त्यानं उन्हाळ्यात विकली होती. घरात इतकी कुत्री; आपल्याच एखाद्यानं चावली असेल, म्हणजे ती आपलीच, असा त्यानं हिशेब केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आमच्या घरांमध्ये एकच कुंपण आहे आणि तेही त्याच्या कुत्र्यांनी उकरलेलं.

"सासऱ्याची रायफल विकली गेली," तो म्हणाला.

"कुणाला?"

मी करखात्यातून आलोय अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याची मान खाली गेली. "तेच तर."

"ट्वायलाला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? चल, तुझी गाडी काढ. माझी सगळे ओळखतात."

आम्ही बर्डीच्या हॉटेलात गेलो. ऑर्व्हलला आठवत होतं ते इतकंच: माणूस उंच, गाडीला गवताचा कचरा चिकटलेला. बर्डीच्या हॉटेलाची मोठी काच बरोबर पशुखाद्याच्या दुकानासमोर येते. उन्हाळाभर त्या काचेमागे तीच मंडळी त्याच खुर्च्यांवर बसून पांढऱ्या रश्श्यात मऊ पावासारखी गरम बिस्किटं बुडवत असतात. ऑर्व्हलचे सगळे गुप्त व्यवहार त्यांच्या डोळ्यांसमोर, नाश्त्याबरोबर होत आलेले.

"जूनमध्ये माझ्याकडून ती दांडा ओढून भरायची रायफल नेली, तो कोण रे?" ऑर्व्हलनं आवाज होईल तितका बारीक करून विचारलं.

अख्ख्या टेबलाचे चमचे थांबले. आर्लिस न्हाव्यानं सावकाश तोंड पुसलं. "ऑर्व्हल, एखाद्या माणसाच्या खासगी व्यवहाराबद्दल चारचौघांत विचारणं बरं दिसतं का?"

"आर्लिस, तू पाहिलंयस त्याला!"

"मी? मी त्या वेळी डोळे मिटले होते. तूच शिकवलंस."

"मला नाव माहिताय," दुसरा एक म्हातारा म्हणाला, "पण मी ते विसरायचं ठरवलंय. 'त्यांच्या' भीतीनं."

"अरे, ट्वायलाच्या बापाची रायफल आहे ती!"

ट्वायलाच्या हातची पीच भरलेली गोड पाई गावातल्या प्रत्येक मयतीच्या घरी पोचलेली आहे. त्या बाईच्या बापाची वस्तू म्हणजे थट्टा नव्हे. तरी हसू आवरेना म्हणून आर्लिस खिडकीबाहेर बघत बसला. शेवटी कॉफीचं भांडं घेऊन बर्डीच आली.

"ड्वेन पार्टेन. नदीपलीकडे गवताच्या गंज्या विकतो तो. त्या दिवशी इथंच बसून सगळ्यांना रायफल दाखवत होता. बाळ, तुला एकट्यालाच ठाऊक नव्हतं."

बर्डी सत्तर वर्षांच्या माणसालाही बाळ म्हणते. त्या दिवशी ते जरा जास्तच लागू पडलं.

ड्वेन पार्टेन गंज्यांवर ताडपत्री ओढत होता. ऑर्व्हलला पाहून तो खूश झाला. "तुमचं नाव काय ते आज तरी सांगाल का? त्या दिवशी मी सांगायला लागलो तर अंगावरच आलात."

"टकेट. रायफल कुठाय?"

"विकली. ऑगस्टमध्ये."

ऑर्व्हल गंजीला टेकला. आता कुणाला, हा प्रश्न विचारायचं धैर्य त्याच्यात नव्हतं, म्हणून मी विचारला.

"एक बाई होत्या," ड्वेन म्हणाला. "भारी कडक. माझा गाडी चालवायचा परवाना मागितला, नंबर उतरवून घेतला, त्यांचा मला दिला. 'दोघांकडे एकेक प्रत राहील,' म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, असं कुणी करत नाही इथे. तर म्हणतात, मग तुमची रायफल तुमच्याकडेच ठेवा."

"आणि तू सही केलीस?" ऑर्व्हल ओरडला. "तुला लाज नाही वाटली?"

"वाटली थोडी. फेकू का तो कागद?"

"खबरदार फेकलास तर!"

ड्वेननं गाडीतल्या ऊन अडवायच्या झडपेमागून घडी केलेला कागद काढला. विनोना एकल्स, राहणार कटलर्स मिल, फोन नंबर, रायफलीचा नंबर, तारीख, खाली दोन सह्या. ऑर्व्हलनं आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या असा कागद तो दोन्ही हातांनी धरून, ओठ हलवत, प्रेमपत्र वाचावं तसा वाचत होता.

विनोना एकल्स कटलर्स मिलच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल निघाल्या. साठीच्या, काटक, गळ्यात चष्म्याची साखळी आणि पायात चिखलाचे शिकारी बूट. त्यांनी ऑर्व्हलचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"विकणार नाही, मिस्टर टकेट. मला ती रायफल आवडते. गोळी सरळ जाते. आणि त्या दातांच्या खुणांत माझी बोटं बरोबर बसतात."

"मॅडम, शनिवारी माझ्या नातीची, मेसीची, पहिली शिकार आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग उसनी न्या. सोमवारी परत. मेसीबरोबर मोठं माणूस कोण असणार?"

"मी."

"परवाना दाखवा."

ऑर्व्हलचा हात पाकिटावर गेला आणि तिथंच थिजला. "हे तुम्ही लिहून घेणार. मग ते जाणार कुठं?"

"माझ्या घरच्या कपाटात."

"आणि सरकारनं मागितलं तर?"

विनोनाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "या गावात कोण कोणतं पुस्तक नेतं ते मला ठाऊक आहे. कोणता पाद्री प्रेमकथा नेतो, कोणाची बायको घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक तिसऱ्यांदा नेते. एकदा शेरीफ विचारायला आला होता. मी सांगितलं, न्यायाधीशाचा हुकूम आण. तो अजून आणायचाय. वस्तू कुणाकडे आहे हे मला माहीत असतं, मिस्टर टकेट, आणि मी ते कुणाला सांगत नाही. तुम्हाला माहीतच नसतं. त्याला गुप्तता म्हणत नाहीत. त्याला हरवणं म्हणतात."

ऑर्व्हल माझ्याकडे वळला. मी पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिलो. मग त्यानं परवाना काढला. जन्मतारखेपाशी जरा कुरकुर केली; विनोनाबाईंनी पेन तसंच धरून ठेवलं तेव्हा तीही सांगितली.

शनिवारी पहाटे दव गोठलेलं होतं. मेसीनं नारिंगी जाकिटात आखडून बसून, ऑर्व्हलनं कानाशी शंभर वेळा "घाई नको, पोरी" म्हटल्यावर, एक मादी हरीण एका गोळीत पाडलं. नंतर ती थोडी रडली, थोडी हसली, आणि घरी आल्यावर दस्त्यावरच्या खुणांवर अंगठा फिरवत तिनं आजोबांना विचारलं, "पपॉ, ही आता माझीच ना?"

ट्वायला चुलीपाशी बिस्किटांचं पीठ मळत होती. तिनं मान वळवली. ऑर्व्हलला "हो" म्हणता आलं असतं; सोमवार अजून लांब होता. मला वाटलं होतं, तो म्हणेलच.

"नाही गं," तो म्हणाला. "सोमवारी परत द्यायचीय."

"परत? कुणाला?" ट्वायलानं विचारलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. आधी उन्हाळा, मग ड्वेन, मग बाई. नाव, गाव, फोन नंबर, सगळं तोंडपाठ. ट्वायलानं पिठाचे हात धुतले, पुसले, फडकं खुंटीला लावलं.

"ऑर्व्हल टकेट," ती म्हणाली. आमच्याकडे बायको नवऱ्याला आडनावासकट हाक मारते तेव्हा शेजाऱ्यानं निघायचं असतं. मी निघालो.

सोमवारी मेसीची शाळा बुडवून तिघं कटलर्स मिलला गेली. मला गाडी चालवायला नेलं, कारण वाटेत ट्वायलाला ऑर्व्हलशी बोलायला दोन्ही हात मोकळे हवे होते. विनोनाबाईंनी रायफल तपासली, पुसून ठेवलेली पाहून मान डोलावली आणि कागदावर 'परत मिळाली' असं लिहिलं. ट्वायलानं खूप वेळ त्या दस्त्यावर हात ठेवला. विकत मागितली नाही. म्हणाली, "बाबांना तुम्ही आवडला असता."

निघताना मेसी टेबलाशी रेंगाळली. "पुढच्या नोव्हेंबरासाठी आत्ताच नाव लावता येतं का?"

"पुस्तकांना येतं," विनोनाबाई म्हणाल्या, आणि क्षणभरानं त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

मेसी जीभ बाहेर काढून, गोल गोल अक्षरांत लिहू लागली. नाव. वय. मग पत्ता विचारला तेव्हा तिनं शहरातला नाही, आजोबांच्या घराचा लिहिला. ऑर्व्हलनं तोंड उघडलं. ट्वायलानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते मिटलं, आणि जरा वेळानं पुढे वाकून हळूच म्हणाला, "पिनकोड राहिला, पोरी."