बादलीत न मावणारा भोवरा

कीसमामांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पट्टीचुंबक असायचा. माजलगावच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कागदावर लोखंडाचा कीस पसरायचा, खालून चुंबक फिरवायचा आणि रेषा उमटल्या की म्हणायचं, “बगा, जागा रिकामी न्हाई.” त्यावरून हे नाव पडलं. वडील वारल्यावर त्यांचं बी.एस्सी. अर्ध्यात सुटलं होतं. पण लायब्ररीत फिजिक्सचं नवं पुस्तक आलं, की शब्दकोश शेजारी ठेवून आधी तेच वाचत.

त्यांना एकाच प्रश्नानं धरलं होतं. जगाच्या बुडाशी कण आहेत, की सगळीकडं पसरलेलं क्षेत्र? अकरावीत मी ठासून सांगितलं, “कण, मामा. पुस्तकात दिलंय.”

“पोरी, सिंदफणा नदीत भवरा बघितलास का? जा, बादलीत भरून आण.”

“नुसतं पाणीच येईल.”

“आन् भवरा?”

“तो कसा येईल, मामा?”

“कणाचं तसंच हाय. खरं ते पाणी. भवरा म्हंजी पाण्याचीच एक करामत.”

त्या बादलीपायी मी फिजिक्स घेतलं, एम.एस्सी. केलं आणि त्याच कॉलेजात शिकवायला आले. मामा अजूनही ‘पोरी’ म्हणत, स्टाफरूममध्येसुद्धा. मला ते खटकू लागलं होतं, हे आज कबूल करते.

एकदा कॉलेजात कार्यशाळा होती. पाहुणे प्राध्यापक सांगत होते, की विश्व म्हणजे कणांच्या विटांची इमारत. प्रोजेक्टरजवळ उभ्या मामांनी हात वर केला. “सर, एका कणाची ओढ दुसऱ्याला लागती, ती मदल्या जागंतून जाती कशी? मदी कायतरी असंलच की. मंग आदी कण, का आदी ते?”

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. “हे कोण?”

मी घाईघाईनं म्हणाले, “आमचे शिपाई आहेत, सर. मामा, तुम्ही प्रोजेक्टर बघा.”

सभागृह हसलं. मामांनी हात खाली घेतला आणि उगाचच वायर चाचपत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी ‘मॅडम’ झाले.

ते निवृत्त होऊन आपल्या गावी, तलवाड्याला गेले. पुढं एका मासिकात मी क्षेत्र आणि कण यांवर लेख लिहिला. त्यात भोवरा होता, बादली होती, मामा नव्हते. लेख गाजला. ‘ही उपमा कशी सुचली?’ असं कुणी विचारलं, की मी नुसती हसायचे.

एका लग्नात मामा भेटले. लेख त्यांनी वाचला होता. मी घाईनं जेवणाचं विचारलं. ते मात्र उत्साहात होते. “लई सोपं करून लिवलंय, मॅडम. पर आपलं एक चुकलं. भवरे ल्हानमोठे असत्यात. मंग समदे इलेक्ट्रॉन अगदी सारखेच कावून?”

आपलं, म्हणाले; ‘तुमचं’ नाही. माफी मागायला ती वेळ पुरेशी होती. मी म्हणाले, “येते एकदा घरी, निवांत बोलू.” गेले नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर त्यांचे भावकीतले लोक आणि कॉलेजचे जुने सहकारी बसले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मामा अत्यंत प्रामाणिक कर्मचारी होते.” एवढंच बोलून खाली बसले.

निघताना त्यांची मुलगी जवळ आली. “मॅडम, पप्पा सगळ्यांना सांगायचे, मॅडमनी माजं म्हननं छापलं म्हणून. ते मासिक मात्र त्यांनी कधी दाखवलं न्हाई, आता घरातबी सापडंना. तुमच्याकडं असलं तर द्याल का? त्यांचं नाव छापलेलं आमाला एकदा बघायचंय.”

मासिकाच्या चार प्रती माझ्या कपाटात आहेत.

“शोधते,” मी म्हणाले.