दोन उंचीची गाडी

डोंगरावरच्या गोठ्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड. गुरांच्या डॉक्टरणीची नवी गाडी पहिल्या महिन्यातच खालून घासायला लागली, तेव्हा तिचा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, आणा इकडे. उंच करून देतो."

दीर गॅरेजवाला. गाड्या उंच करायचं त्याला वेडच होतं, म्हणून सगळे त्याला जिराफ म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. हात सोन्यासारखा, पण धीर म्हणून नाही. त्याने कंपनीच्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घातल्या, शॉकअप बदलले, आणि गाडी अशी उभी राहिली की डॉक्टरणीला औषधांची पेटी आधी वर ढकलून मग स्वतः चढावं लागे.

अडचण एकच होती, वॉरंटीची. अशी गाडी वर्कशॉपला नेली तर कंपनी हात वर करणार. त्यावर जिराफाने तोड काढली. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी जुन्या स्प्रिंगा चढवायच्या, गाडी शहाण्या मुलीसारखी दाखवून आणायची, घरी आली की पुन्हा उंच करायची. एका दगडात दोन पक्षी.

डॉक्टरणीला ते खटकलं. आजारी गाय घासूनपुसून बाजारात उभी करणारे मालक तिने पाहिले होते, त्यांना चारचौघांत झापलंही होतं. पण हा घरचा माणूस, मायेने करतोय. ती मूग गिळून बसली.

मग आवाज सुरू झाला. उतारावर डावीकडे वळताना पुढच्या चाकापाशी टक व्हायचं, कोणी आतून एकदाच दार वाजवावं तसं. पुढच्या सर्व्हिसिंगला तिने ते सांगितलं. सुपरवायझर मोजकं बोलणारा, चष्म्यावरून बघणारा माणूस. तो स्वतः गाडी फिरवून आला. गाडी ठणठणीत आहे, म्हणाला. ती घरी आली, जिराफाने स्प्रिंगा बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर पुन्हा टक.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्कशॉपवाले जी गाडी तपासत होते ती डॉक्टरीण चालवतच नव्हती, आणि जी चालवत होती ती कोणी तपासलीच नव्हती.

दिराला सांगितलं तर तो हसला. नवी गाडी आहे, अंग मोडतेय, म्हणाला. पुढे काही दिवसांनी आवाज आपोआप थांबला, तसा तो म्हणाला, बघा, बसली की नाही. डॉक्टरणीला मात्र ते पटलं नाही. हंबरणारी गाय एकदम गप्प झाली म्हणजे ती बरी झाली असं नसतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी दिराला न सांगता, जपून जपून, तिने ती उंच गाडी तशीच वर्कशॉपमध्ये नेली.

सुपरवायझर रागावला नाही. गाडी वर उचलून त्याने तिला खाली बोलावलं. डाव्या चाकाला धरून ठेवणारा सांधा चिखलाने गच्च भरला होता, म्हणून आवाज दबला होता. त्याने चिखल खरवडला आणि सांध्याचा नट दोन बोटांनी फिरवला. घट्ट बसायला हवा तो नट सहज फिरला.

"हा एकदा काढला की फेकून द्यायचा असतो. नवाच घालायचा. हा कितीदा काढलाय?"

"दर सर्व्हिसिंगला," ती म्हणाली.

गाडीची किल्ली त्याने खिशात टाकली. आधी विचारलं असतं तर गाडी उंच करायचं कंपनीचंच किट आम्ही बसवून नोंदवलं असतं, वॉरंटीला धक्का लागला नसता, असं तो म्हणाला. मग हात पुसत त्याने हळूच विचारलं, "ज्याने हे केलं, त्याने अशा आणखी किती गाड्या केल्यात?"

जिराफाला बोलावलं. त्याने तो नट हातात घेऊन पाहिला. मग ज्यांच्या गाड्या उंच केल्या होत्या त्यांना फोन लावायला लागला. गाडी हलवू नका, आहे तिथे राहू द्या, एवढंच प्रत्येकाला सांगत होता. बाकी सगळ्यांनी उचलला. डोंगरावरच्या गोठ्यांतून दूध आणणाऱ्या दूधवाल्याने उचलला नाही.

वर्कशॉपची गाडी घेऊन तिघेही डोंगराकडे निघाले. तिसऱ्या वळणावर रस्त्यावरून दुधाचा ओघळ खाली येताना दिसला. व्हॅन दरडीत घुसली होती, पुढचं चाक मोडक्या पावलासारखं आडवं पडलं होतं. दूधवाला आत अडकलेला, पण शुद्धीवर. जीव वाचला, पाय पुन्हा सरळ झाला नाही.

जिराफाने दूधवाल्याच्या घरी जाऊन सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. मग एकेक गाडी वर्कशॉपला नेऊन दुरुस्त करून दिली आणि गॅरेजला कुलूप लावलं. डॉक्टरणीच्या गाडीला कंपनीचं किट बसलं. इंजिनाची वॉरंटी राहिली, सस्पेन्शनची गेली. तिने तक्रार केली नाही.

एका गाडीचा मात्र पत्ता लागला नाही. मालकाने ती वर्षापूर्वीच विकली होती, आणि घेणाऱ्यानेही पुढे कोणाला तरी दिली होती. पांढरी, उंच, एवढंच कळलं.

आता डोंगर उतरताना समोरून तसली गाडी आली की डॉक्टरीण आपली गाडी कडेला घेते. पुढच्या चाकाकडे बघत थांबते, ती निघून जाईपर्यंत.