चाकावरचा बैल

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, माझा थोरला पाच वर्षांचा होता. मी त्याला दहा हाका मारायची आणि तो शेजारणीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायचा.

मी सातारकडची. नवऱ्याला तिरोड्याच्या धानगिरणीत काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. तिसरीतच शाळा सुटलेली, माहेरी पत्र लिहायचं तर मला अर्धा दिवस लागायचा. तो मिळणार कुठून? कडेवर धाकटी, चुलीवर आधण, मांडीवर लोकांच्या शिवायच्या चोळ्या. शेजारणीची मुलं मोठी झालेली. माझी धांदल बघून ती थोरल्याला घेऊन जायची; तो तिला मोठी माय म्हणायचा. धाकटीच्या बाळंतपणात बारा दिवस तिनंच माझं घर रांधून चालवलं. हे उपकार मी विसरले नाही. तरी थोरल्यानं माझी भाकरी ढकलून "मोठ्या मायकडं भात खातो" म्हटलं की मला सहन व्हायचं नाही. बोलायचाही तिच्यासारखाच. "आई, तू कायले रडून राहिली?" असं मलाच विचारायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडं तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत देवळापाशी जमतात, मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. कुणी फुटाणे देतं, कुणी गूळ. आमच्याकडं हे नव्हतं. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आम्ही मातीचे बैल करून पाटावर पुजायचो. माझ्या हातचा बैल आळीत उठून दिसायचा, हे मी खोटं सांगत नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी, थोरला झोपलेला असताना, शेजारीण पदराखालून बैल घेऊन आली. तिच्या नवऱ्यानं कोरलेला, सागवानी, मान जराशी वळवलेली. मला तो इतका आवडला की मी म्हटलं, "नको. मी करणार आहे त्याच्यासाठी."

"तू? लाकडाचा?"

"मातीचा."

"अवं बाई, मातीचा बैल चालते का कुठं?"

"चालंल."

"बरं बाप्पा. तुहं लेकरू," म्हणत ती बैल परत घेऊन गेली.

मी चोळ्या बाजूला टाकल्या. चुलीशेजारी बैल वाळवला, शिंगांना काव लावली, अंगावर चुन्याचे ठिपके दिले. फळीखाली दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं केली. थोरला त्याच्याभोवती उड्या मारत होता आणि चार दिवस शेजारी फिरकला नव्हता. तेवढंच मला हवं होतं.

तान्ह्या पोळ्याला तो दोरी धरून निघाला, मी धाकटीला घेऊन मागं. देवळाच्या अलीकडं बैलगाड्यांची खोल चाकोरी होती. फळीला हिसका बसला आणि बैलाचे चारही पाय एकदम मोडले. रिकामी फळी बघत पोरगं उभं राहिलं. रडलं नाही. त्यानं शेजारणीच्या घराकडं बघितलं. रडला असता तर बरं, असं मला झालं.

"इथंच थांब. हलायचं नाही," म्हणून मी स्वतःच तिच्या दारात गेले.

"मोडला ना?" ती म्हणाली. "टांगा लय बारीक केल्या असशीन."

"काकी, तो तुमचा बैल द्या."

"मंग घे ना. मी का त्याच्यावर बसून बजारात जाऊ? जाय लवकर, लेकरू वाट पाहून राहिलं."

मी बैल आणून थोरल्यापुढं ठेवला. "कोनं देला?" त्यानं विचारलं. खरं ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. निघालं एवढंच, "ओढ बघू."

तेवढ्यात ती बघायला बाहेर आली. थोरला तिच्याकडं धावला. "मोठी माय, पाह्य! माह्या आईनं बैल आनला!"

आता ती खरं सांगणार, असं मला वाटलं. ती खाली वाकली, बैल हातात घेऊन उलटासुलटा केला, पहिल्यांदाच बघावा तसा. "अगा बाप्पा! असा बैल तं आमच्या घरी बी नाही, गा!"

माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. पोरगं माझं कौतुक गावभर सांगत सुटलं. तेही मला तिनंच दिलं होतं, आणि किती सहज. त्या दिवशी तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.