दुसरं कडवं

वडवणीकडच्या एका कॉलेजात कार्यक्रम असला की लाउडस्पीकर माझा असायचा. तिथले संगीताचे सर पोरांच्या वाद्यवृंदाकडून स्वागतगीत वाजवून घ्यायचे. चाल त्यांचीच. पुढारी उशिरा यायचे आणि पहिल्या कडव्यालाच घड्याळ बघायचे. सर मूठ मिटायचे, की वाद्यं बंद.

एकदा वायर गुंडाळताना मी विचारलं, "सर, गाणं एवढंच हाय का?"

"खरी चाल दुसऱ्या कडव्यात हाय," ते म्हणाले. "नोकरी सरत आली, अजून कुणी ऐकली न्हाई."

परवा त्यांचा निरोप समारंभ झाला. पोरांनी तेच गीत धरलं. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती, म्हणून मी आवाज वाढवला. पोरांची नजर खुर्चीतल्या सरांवर होती. पहिलं कडवं संपलं आणि सरांची मूठ आपोआप मिटली. पोरं थांबली. टाळ्या झाल्या.

सर त्या मुठीकडं बघत बसले.